मोआबचा ढीग आणि कोलोराडो नदीतले मासे : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या युटा राज्यात, मोआब गावाच्या वायव्येला तीन मैलांवर 1956 मध्ये युरेनियम मिल उभी राहिली. 1962 मध्ये ती दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि 1984 मध्ये बंद पडली. मागे उरला 130 एकरांवर पसरलेला, सुमारे 1.6 कोटी टन टेलिंग्जचा, म्हणजे युरेनियम काढून घेतल्यावर उरलेल्या खनिजाच्या गाळाचा ढीग. खाली अस्तर नाही, आणि कोलोराडो नदी जेमतेम 750 फुटांवर. शीतयुद्धाच्या घाईत अशी जागा निवडली गेली, त्यावर फार लिहिण्यासारखे काही नाही.

माशांची बाजू त्याहून विचित्र आहे. मिलची मालकी बदलली त्याच 1962 साली, कोलोराडोला मिळणाऱ्या ग्रीन नदीत, फ्लेमिंग गॉर्ज धरण भरण्याआधी रोटेनोन हे मासे मारणारे विष सोडून स्थानिक मासे मारण्यात आले. नव्या जलाशयात ट्राउट सोडायचे होते आणि मूळचे मासे 'कचरा' समजले जात. सहा फुटांपर्यंत वाढणारा कोलोराडो पाइकमिनो त्यातलाच. पाचच वर्षांनी, 1967 मध्ये, हाच मासा संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आला. इथल्याच दुसऱ्या माशाचा, रेझरबॅक सकरचा, क्रम लागायला 1991 उजाडले.

युरेनियमचे नाव घेतले की किरणोत्सर्गच डोळ्यापुढे येतो. माशांचा जीव घेणारा घटक मात्र अमोनिया. खनिजावर प्रक्रिया करताना अमोनियायुक्त रसायने वापरली जात. ती ढिगातून झिरपून भूजलात गेली आणि भूजल नदीकाठी वर येते. मुख्य प्रवाहात ते पातळ होऊन जाते. पण बर्फ वितळून आलेला पूर ओसरला की काठालगत उथळ, संथ फाटे उरतात. तिथले पाणी तापते, त्याचा पीएच चढतो, म्हणजे ते अधिक अल्कधर्मी होते, आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. नेमक्या याच दिवसांत वरून वाहत आलेली पाइकमिनोची पिल्ले अशा फाट्यांत आसरा घेतात. नदीचे सरासरी नमुने काढून 'पाणी ठीक आहे' असे सांगणाऱ्यांना हे फाटे दिसत नव्हते, किंवा पाहायचे नव्हते.

खरा वाद 1990 च्या दशकातला. कंपनीचा प्रस्ताव होता की ढीग जागच्या जागी मातीने आणि दगडांनी झाकावा. वन्यजीव खात्याने 1998 मध्ये लेखी मत दिले : अमोनियाचे झिरपणे असेच चालू राहिले तर पाइकमिनो आणि रेझरबॅक सकरचे अस्तित्वच धोक्यात येईल, त्यामुळे झाकायचे असेल तर भूजलही साफ करावे लागेल. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तरीही अणुनियामकाने 1999 मध्ये झाकण्याच्या बाजूने कौल दिला. त्याचे म्हणणे असे, की परवानाधारकाने मांडलेली योजना निकषांत बसते की नाही एवढेच आम्ही पाहू शकतो, ढीग हलवा असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेलही. पण ज्याच्याकडे भूजल साफ करायला पैसे नाहीत त्याच्याच योजनेला मंजुरी देणे म्हणजे बुडीत बँकेवरचा चेक जपून ठेवण्यासारखे होते.

यातून सुटका संसदेने केली. ऑक्टोबर 2000 मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातच एक तरतूद घालून हा ढीग केंद्रीय ऊर्जा खात्याकडे सोपवण्यात आला. 2002 मध्ये तज्ज्ञ समितीने बजावले की नदी कधी ना कधी पात्र बदलून या जागेवरून वाहणारच. तरीही ढिगाचे काय करायचे यावरच्या खात्याच्या अहवालाच्या 2004 च्या मसुद्यात कोणत्याच पर्यायाची शिफारस नव्हती. मग खालच्या बाजूच्या राज्यांनी आवाज चढवला, कारण लास वेगास आणि लॉस एंजेलिसच्या नळांनाही हीच नदी पाणी पुरवते. सप्टेंबर 2005 मध्ये निर्णय झाला : ढीग 30 मैल उत्तरेला, क्रेसेंट जंक्शनला, मुख्यतः रेल्वेने न्यायचा. 2009 च्या एप्रिलमध्ये गाड्या सुटू लागल्या. निम्मा ढीग हलेपर्यंत 2016 उजाडले.

मासे कायद्यातली पहिली अडचण ठरले, पण ढीग हलला तो नळांमुळे, हे या इतिहासात सहसा सांगितले जात नाही. खात्याच्याच अहवालात भूजल सफाईचा अंदाज ढीग हलवल्यास सुमारे 75 वर्षे आणि जागीच ठेवल्यास 80 वर्षे असा होता. म्हणजे या पिढीतल्या पिल्लांच्या दृष्टीने दोन्ही पर्यायांत फारसा फरक नव्हता. त्यांना वाचवणारे काम 2003 पासून वेगळेच चालू आहे. ढीग आणि नदी यांच्यामधल्या विहिरींतून दूषित पाणी उपसायचे, काही विहिरींत गोडे पाणी दाबून अमोनिया मागे रेटायचा, आणि पूर ओसरल्यावर काठाच्या फाट्यात पिल्लांजोगी जागा तयार झाली तर त्यात नदीचे पाणी पंपाने सोडायचे. शेवटची गाडी सुटली तरी हे पंप बंद करता येणार नाहीत.