गाडी विकली, पण कागदावर अजून तुमचीच आहे (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. गोव्यात म्हापशाला आम्ही गाड्यांच्या कागदांची कामं करतो, नाव ट्रान्सफर, इन्शुरन्स, लायसन रिन्यू करणं, लोन संपल्यावर आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावरचं) बँकेचं नाव काढणं वगैरे. गेले काही महिने काउंटरवर तोच तोच वाद व्हायला लागलाय म्हणून हे छापून घेतलं. वाद असा की गाडी विकणारा एकटाच येतो, हातात सह्या केलेले २९ आणि ३० नंबरचे ट्रान्सफरचे फॉर्म, घेणाऱ्याचं नाव कोरं, आणि म्हणतो हे ठेवून घ्या, तो येईल सवडीने आणि पुढचं बघेल. आम्ही म्हणतो दोघे एकत्र या, तेव्हाच फाइल घेऊ. मग राग येतो. "अहो तो आमच्याच वाड्यावरचा आहे, रोज भेटतो, पळून जाणार आहे काय?"

पळून जाणार नाही हो. पण ट्रान्सफर करायलाही येणार नाही, हे आम्ही इतक्या वेळा बघितलंय की आता तोंडी सांगून थकलो. गाडी त्याच्या दारात आली, चावी मिळाली, पेट्रोल घातलं, त्याचं काम झालं. नाव बदलायची घाई तुम्हाला असायला पाहिजे, त्याला नसते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोटर वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम ५०. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत वाहतूक खात्याला कळवायचं, तो फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, तो फॉर्म ३०. म्हणजे तुम्ही नुसती सही करून कागद दुसऱ्याच्या हातात दिला तर तुम्ही कळवलं असं होत नाही. तो कागद त्याच्या कपाटात पडून आहे, खात्याकडे काहीच पोचलेलं नाही, आणि खात्याच्या रेकॉर्डला मालक म्हणून अजून तुमचंच नाव आहे.

आता यातून काय काय होतं ते बघा. थिवीचे एक काका आले होते, रिटायर्ड माणूस, हातात मोबाइल घेऊनच दुकानात शिरले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की चलनाच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर घालून बघा, बघितलं तर जुन्या अ‍ॅक्टिवावर ७ चलनं. गाडी त्यांनी ५ वर्षांमागे विकलेली. एका चलनात फोटो होता, तो त्यांनी मोठा करून दाखवला, पुढे विनाहेल्मेट एक पोरगा, मागे दुसरा, पायात प्लास्टिकची पिशवी आणि नंबर प्लेट अगदी स्वच्छ वाचता येते. काका मला विचारत होते, यातला एकही माझ्या ओळखीचा नाही, मी काय करू? ज्याला विकली त्याने ती दुसऱ्याला दिली होती, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसरा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या माणसाला शोधायला साडेतीन आठवडे गेले. काका रोज सकाळी फोन करायचे, झोप लागत नाही म्हणायचे. आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी चढलेला माणूस नव्हे तो.

आणि चलन ही सगळ्यात हलकी गोष्ट. त्या पोराच्या हातून कुणाला धडक बसली असती तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरली होती आणि नाव पहिल्याचंच राहिलं होतं. कोर्टाने सांगितलं, आरसीवर ज्याचं नाव तो मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. इन्शुरन्स चालू असला तर निदान कंपनी उभी राहते, पण नाव बदलत नाहीत ते लोक इन्शुरन्स तरी कुठे वेळेवर भरतात? म्हणजे बोजा तुमच्या डोक्यावर.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. हा धंदा सुरू करायच्या आधी मी माझी स्वतःची बाइक अशीच कोऱ्या फॉर्मवर सही करून एका गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्याला दिली होती. वर्षभराने रात्री साडेनऊला फोन आला, तुमच्या बाइकने एका म्हातारीला उडवलंय, स्टेशनला या. आई दारात उभी, मी शर्टाची बटणं लावतोय आणि हात थरथरत होते. म्हातारी वाचली, देवाची कृपा, पण इन्शुरन्स संपलेला होता आणि मला पुढची दोन वर्षं कोर्टाच्या तारखांना जावं लागलं. ज्याला गाडी दिली त्याने फोन उचलणं बंद केलं. त्या दिवसापासून मी ठरवलं की माझ्या टेबलावरून कोरा फॉर्म जाणार नाही. म्हणून आमचा नियम कडक वाटतो. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण यात सूट देणार नाही.

आता पुढचा मुद्दा नीट वाचा कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच फुकट जातो, तुमचाही आणि आमचाही. मोबाइल नंबर. ट्रान्सफर आता ऑनलाइन सुरू होते आणि ओटीपी जातो तो गाडीच्या रेकॉर्डला जोडलेल्या नंबरवर. काउंटरवर रोज हेच चित्र. विकणारा, घेणारा, दोघे बसलेत, सगळे कागद बरोबर, आम्ही बटण दाबतो आणि विचारतो ओटीपी आला? "नाय." परत पाठवतो. "नाय आला." मग बघतो तर नंबरचे शेवटचे आकडे वेगळेच. कधी तो दहा वर्षांमागचा बंद झालेला सिम असतो, कधी गल्फला गेलेल्या भावाचा नंबर, आणि बऱ्याच वेळा गाडी घेताना शोरूमच्या पोराने घाईत स्वतःचाच नंबर घातलेला असतो. मग आधी नंबर बदलायचं काम, त्याला चेसिस नंबर, इंजिन नंबर, आधार, आणि आधारला तरी मोबाइल जोडलेला आहे का ते बघा, नसला तर आधी आधार सेंटर. घेणारा पेडण्याहून अर्धा दिवस रजा टाकून आलेला, तो चिडून निघून जातो आणि पुढचे दोन महिने येत नाही.

आणि नंबर चुकीचा असण्याचं नुकसान एवढंच नाही. चलनाचा मेसेजही त्याच नंबरवर जातो. मेरशीच्या सिग्नलवर कॅमेरे आहेत, शिवाय २०१७ मध्ये सुरू झालेल्या गोवा पोलिसांच्या ट्रॅफिक सेंटिनल योजनेत साधी माणसंही फोटो काढून पोलिसांना पाठवायला लागली, म्हणजे रस्त्यात कुणी अडवलं नाही याचा अर्थ चलन झालं नाही असा नव्हे. तुम्हाला कळतच नाही, चलनं साठत जातात, आणि एक दिवस गाडीचं काही काम काढलं की फाइल अडते. म्हणून विकायची असो नसो, आजच घरी जाऊन सरकारच्या एमपरिवाहन अ‍ॅपवर आपली गाडी बघा आणि नंबर जुना असला तर बदलून घ्या. घरी जमलं नाही तर इथे या, गाडीचं बाकी काही काम आमच्याकडे असेल तर नंबर बदलायचे वेगळे पैसे घेत नाही.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीला गाडी देणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आपल्या इकडे हे फार चालतं, मुलीचं सासर तिकडे, जावयाला स्कूटर दिली. प्रेमाने दिली, बरोबर आहे, पण दुसऱ्या राज्यात गाडी कायमची गेली की इथल्या खात्याची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, फॉर्म २८, आणि १२ महिन्यांहून जास्त तिकडे ठेवायची असली तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो. जीए ०३ ची, म्हणजे आपल्या म्हापशाची प्लेट वर्षानुवर्षं दोडामार्गात फिरतेय आणि मालक इथे कोलवाळला बसलाय असं नको. महाराष्ट्र पोलिसांच्या चलनासाठी त्यांचं महाट्रॅफिक अ‍ॅप वेगळं आहे, तेही बघत चला.

विकलेली गाडी पुढे कोण कशी वापरेल ते तुमच्या हातात नसतं. घेणाऱ्याने शाळेत जाणाऱ्या पोराला स्कूटर दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ लागतं, त्यात पालक किंवा गाडीचा मालक दोघांचा उल्लेख आहे, ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. हरमल-मांद्र्याच्या बाजूला कुणी घेतली आणि पांढऱ्या प्लेटवरच टुरिस्टांना भाड्याने लावली, तर परमिटशिवाय भाडं मारल्याची केस होते, भाड्याच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळे आकडे लागतात हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे तरी सीझनमध्ये हा प्रकार चालतोच, आणि प्रायव्हेट पॉलिसी असल्या गाडीला उपयोगी पडत नाही. टुरिस्ट गूगल मॅप बघत दुचाकी घेऊन पणजीच्या अटल सेतूवर चढतात, तिथे दुचाकीला बंदी आहे. या प्रत्येक वेळी पोलीस नंबर घालून बघतात तेव्हा स्क्रीनवर नाव येतं ते तुमचं. तुम्ही म्हणाल मी सिद्ध करीन. कराल सुद्धा, पण सिद्ध करायला तारखा लागतात, वकील लागतो.

वडील गेले आणि स्कूटर अजून त्यांच्याच नावावर, अशी घरं तर प्रत्येक वाड्यावर आहेत. भावनेने कुणी हात लावत नाही, मला समजतं. माझ्या वडिलांची एम-८० आमच्याकडेही बरेच दिवस तशीच उभी होती. पण कायदा सांगतो ३० दिवसांत खात्याला कळवा आणि ३ महिन्यांत वारसाने फॉर्म ३१ भरून आपल्या नावावर करून घ्या. उशीर झाला असला तरी लाजू नका, कागद घेऊन या, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती महत्त्वाची, भावंडं वेगवेगळ्या गावांत असली तर त्यांना आधी फोन करून ठेवा.

गाडी डीलरला देत असाल तर त्याच्याकडे जुन्या गाड्यांचं ऑथरायझेशन आहे का ते विचारा. तसा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची माहिती फॉर्म २९सी ने खात्याला जाते आणि त्याची पोच तुमच्याकडे पाहिजे. नुसतं व्हिजिटिंग कार्डावर "गाडी मिळाली" लिहून दिलेलं चालणार नाही, असं कार्ड घेऊन आलेले लोक मी बघितलेत.

इन्शुरन्सचं एक सांगून ठेवतो, यात तुमचा फायदा आहे आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम न घेता ५० टक्क्यांपर्यंत सूट साठवली असली तर गाडी विकताना ती घेणाऱ्याला फुकट देऊ नका, कंपनीकडून लेटर घ्या आणि नवीन गाडीच्या पॉलिसीत वापरा. ते लेटर आम्ही काढून देतो. आणि घेणाऱ्यांना सांगतो, पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करा. थर्ड पार्टी कव्हर (समोरच्याच्या नुकसानीचं) गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम टाकायला गेलात आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर निघाली तर कंपनी हात वर करते.

आमचा चार्ज बाहेरच्या एजंटापेक्षा थोडा जास्त आहे असं काही जण बोलतात. आहे. कारण फाइल आत टाकली की आमचं काम संपत नाही, घेणाऱ्याच्या नावाची आरसी निघेपर्यंत आम्ही मागे लागतो आणि ती निघाली की विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतो, बघा, तुमचं नाव गेलं. त्या थिवीच्या काकांना पाठवला तेव्हा त्यांनी लगेच फोन केला, म्हणाले आज जेवण गोड लागलं.

येताना एवढं आणा: दोघांचं आधार आणि पॅन, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, घेणाऱ्याचे फोटो, लोन होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा), आणि दोघांचे मोबाइल, चार्ज केलेले, ज्या नंबरवर ओटीपी येणार तोच सिम आत असलेले. चावी देताना साध्या कागदावर तारीख, वेळ आणि किलोमीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या, घेणाऱ्याच्या लायसनची झेरॉक्स जोडा, ट्रान्सफर होईपर्यंत तेवढाच आधार असतो, कागदाचा नमुना आमच्याकडे मिळतो. बाकी चलनं आहेत का ते आदल्या दिवशी गाडीचा नंबर पाठवलात तर आम्ही बघून ठेवतो, म्हणजे खेप फुकट जायची नाही. शुक्रवारी शक्यतो येऊ नका, बाजारामुळे दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि चेसिस नंबर बघायला गाडी समोर लागते.