उभी गाडी थरथरते, पळती गाडी ठणठणीत: व्हॅक्यूम लीक घरी कसा शोधाल?

गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा वर-खाली होतो, कधी इंजिन बंदही पडतं. रस्ता मोकळा मिळून वेग घेतला की मात्र सगळं सुरळीत. पेट्रोल गाडीचं हे वागणं बारकाईने पाहा, कारण बिघाडाचा अर्धा पत्ता त्यातच असतो.

आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा आवरणारी) झडप जवळजवळ मिटलेली असते, पण पिस्टन हवा खेचतच असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणजे मॅनिफोल्डच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बाहेरची हवा सुमारे ७०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने रेटा देत असते. एखादी रबरी नळी तडकली किंवा गॅस्केट (जोडातली हवाबंद पट्टी) बसकं झालं, की हवा तिथून आत घुसते. हाच व्हॅक्यूम लीक. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ही चोरवाटेची हवा आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरला दिसतच नाही, म्हणून तिच्या वाट्याचं पेट्रोल सोडलं जात नाही आणि मिश्रण पातळ होतं.

मग पळताना त्रास का नाही? समजा, भेगेतून सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा शिरते आहे. आयडलला इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेत असेल, तर ही गळती तिच्या सहाव्या हिश्शाएवढी झाली. वेगात तेच इंजिन ३० ग्रॅम घेतं, तेव्हा अर्धा ग्रॅम म्हणजे जेमतेम साठावा हिस्सा. शिवाय थ्रॉटल उघडल्यावर आतला दाब वाढतो, त्यामुळे गळतीही कमी होते. मला या निदानातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: भेग तीच राहते, बदलतं ते तिचं प्रमाण.

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर हे आकड्यांत दिसतं. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ आढळलं की संगणक पेट्रोल वाढवतो. ही दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. आयडलला ट्रिम +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आला, तर व्हॅक्यूम लीकचा संशय पक्का धरा. उलट वेगाबरोबर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल कमी पडत असावं. फिल्टर किंवा पंप तपासा. स्कॅनरवर नुसता पी ०१७१ हा बिघाडाचा कोड पाहून सेन्सर बदलायला धावू नका. तो कोड मिश्रण पातळ आहे एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. काही गाड्यांत एअरफ्लोऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजतात. तिथे गळतीची हवाही हिशेबात धरली जाते, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही. आयडल मात्र चढलेलं राहतं.

आता जागा शोधायची. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलला, हँडब्रेक लावून उभी करा आणि इंजिन चालू ठेवा. पंखा आणि पट्ट्यापासून हात, बाह्या दूर ठेवा. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडांजवळून फिरवा, ‘स्स्स’ असा आवाज येतो का ऐका. मग व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबा. एखादी दाबताच आयडल सावरलं तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढे आहे. गॅस्केटच्या कडेवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर पाणी भेग क्षणभर बुजवतं आणि इंजिनचा सूर बदलतो. फवारा वायरिंगच्या जोडांवर जाऊ देऊ नका. कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तापलेल्या इंजिनवर तो पेट घेऊ शकतो. घरी ती नकोच.

ब्रेक बूस्टर (याच व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग) विसरू नका, कारण तिथे प्रश्न जिवाचा असतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. ते तसंच कडक राहिलं तर गाडी चालवू नका.

इतकं करूनही भेग सापडली नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. बंद इंजिनच्या इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो भेगेतून बाहेर येताना दिसतो. दुरुस्तीनंतर आयडलचा ट्रिम पुन्हा बघा. शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे क्षणोक्षणीची दुरुस्ती, लगेच उतरतो. लाँग टर्म ट्रिमला, म्हणजे संगणकाने शिकून ठेवलेल्या दुरुस्तीला, जागेवर यायला गाडी थोडी चालवावी लागते.