काचेवर लिहिलेले ७३९३९१३३

परवा धो धो पावसात डेक्कनवरून कोथरूड डेपोची बस धरली, सोबत भाची, सातवीतली. खिडकीच्या काचेवर आतून मस्त वाफ धरलेली, त्यावर मी बोटानं ७३९३९१३३ लिहिलं आणि तिला म्हटलं शेवटचा आकडा पूस. उरलं ७३९३९१३. अजून एक पूस. ७३९३९१. नळस्टॉपच्या सिग्नलला बस अडकली तोवर ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ करत करत एकटा ७ राहिला.

"मग काय झालं मामा?"

"यातल्या एकाही संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही."

आठच्या आठ मूळ संख्या! आणि उजवीकडून असे आकडे पुसत गेलं तरी दरवेळी मूळ संख्याच उरते अशा संख्या आहेत एकूण फक्त ८३, त्यातली सगळ्यात मोठी हीच, सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. आत्तापर्यंत सापडलेली सगळ्यात मोठी असं नाही हं, याच्यापुढे नाहीच.

भाची लगेच म्हणाली, संख्या तर संपतच नाहीत, मग ह्या कशा संपल्या? एकदम बरोबर प्रश्न. आता उलटं करायचं, ७ पासून सुरू करून उजवीकडे आकडे जोडत जायचे. शेवटी सम आकडा किंवा ० आला की २ नं भाग जातो, ५ आला की ५ नं, म्हणजे हातात राहिले १, ३, ७ आणि ९. आता खरी गंमत ३ करतो. अंकांची बेरीज करा, ७३९३९ ची ३१, तिला ३ नं भागलं की बाकी १. पुढे १ जोडला, बेरीज ३२, बाकी २. आणि एकदा बाकी २ झाली की परत १ किंवा ७ जोडायची सोयच नाही, बेरजेला ३ नं भाग गेलाच समजा. मग कायम ३ आणि ९ वरच भागवायचं. २ पासून सुरू केलं तर पहिल्यापासूनच ही अट, म्हणून तर २९३९९९९९ ही दुसरी आठ आकडी संख्या अशी दिसते, २ च्या पुढे नुसते ३ आणि ९.

त्यात मूळ संख्या विरळ होत जातात. १०० पर्यंत २५ आहेत म्हणजे चारात एक, ७३ कोटींच्या आसपास साधारण वीसात एक. म्हणून चार आकडी १६, पाच आकडी १५, मग १२, ८ आणि आठ आकडी फक्त ५. नववा आकडा त्या पाचांपैकी एकालाही लागत नाही. आपल्या ७३९३९१३३ ला १ किंवा ७ जोडला तर ३ नं भाग जातो, ३ किंवा ९ जोडला तर भाग जातोच पण तो चटकन दिसत नाही इतकंच.

"डावीकडून पुसलं तर?" तिनं विचारलं. मग ही चालत नाही, शेवटी ३३ उरतात, ११ नं भाग. पण डावीकडे १ ते ९ कुठलाही आकडा जोडता येतो, वाटा जास्त, त्यामुळे तशा ४२६० संख्या आहेत (० न वापरता) आणि सगळ्यात मोठी २४ आकडी, ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. मी मोबाईलवर बघून सांगत गेलो आणि तिनं दोन खिडक्यांवर मिळून ती लिहिली, मग डावीकडून एकेक पुसायला लागली. कर्वे पुतळ्यापाशी ९१३७ उरले होते, डेपो आला तेव्हा ७.