आवाज आणि ओठ जुळत नाहीयेत? फाईल घेऊन यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. घरी व्हिडिओ एडिट करणारे बरेच जण सिंकमध्ये, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवण्यात, अडकले की आमच्याकडे येतात, क्लासवाले, पॉडकास्टवाले, अरंगेत्रम शूट केलेले, गणपती झाले की ढोलताशा पथकवाले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "आवाज थोडा मागे पडतोय, जरा सरकवून द्या, पाच मिनिटांचं तर काम." कधी खरंच पाच मिनिटांचं असतं. बहुतेक वेळा नसतं, आणि का नसतं ते दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा छापून ठेवलेलं बरं.

आधी ब्लूटूथ हेडफोन काढा. त्यात आवाज मुळातच उशिरा पोचतो, आणि लोक त्याच्यावर ऐकून चांगली जुळलेली टाइमलाइन बिघडवून ठेवतात. वायरवाल्या हेडफोनवर बघा, आणि प्रिव्ह्यू अडकत अडकत चालत असेल तर दोन मिनिटांचा तुकडा एक्सपोर्ट करून बघा, कारण लॅपटॉपला दम लागला की प्रिव्ह्यूत चित्र मागे राहतं, फाईल ठीकच असते.

तरी चुकतंय? मग सुरुवात बघा आणि शेवट बघा, मधलं नंतर. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर आवाजाची पट्टी सरकवा, काम झालं, आमच्याकडे यायची गरजच नाही. पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे वाढत गेलेलं असेल तर तो ड्रिफ्ट, तो सरकवून जात नाही. याचं नेहमीचं कारण मोबाईल. फोन सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) म्हणतो पण उजेड कमी झाला, फोन तापला की फ्रेम कमी-जास्त करतो, त्याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअरपैकी प्रीमियर बऱ्यापैकी सांभाळून घेतं, रिझॉल्व्हमध्ये त्रास जास्त होतो. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की फ्रेमरेट मोड व्हेरिएबल आहे की कॉन्स्टंट ते लगेच दिसतं. दुसरं कारण २९.९७ आणि ३० या फ्रेमरेटची गल्लत, यात तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन मशीनची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, लांब कार्यक्रमात एखाद-दोन फ्रेम सरकतातच.

आता खरं दुखणं. ड्रिफ्ट दिसला की लोक दहाव्या मिनिटाला आवाज कापतात आणि ढकलतात, पंधराव्या मिनिटाला परत कापतात परत ढकलतात, असं करत तासाभराच्या लेक्चरचे चिक्कार तुकडे होतात, आणि मग ते एक्सपोर्ट करून, वर व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून, म्हणतात आता फिनिशिंग तेवढं तुम्ही करा. अहो, प्रत्येक तुकड्याच्या आत ड्रिफ्ट तसाच असतो, जोडावर शब्द गिळलेले असतात, आणि एकूण किती फरक होता हे मोजायची जागाच राहत नाही. मूळ फाईल असेल तर पुष्कळदा एकदा कन्व्हर्ट करून किंवा आवाजाचा वेग ०.१ टक्का बदलून सगळं जागेवर बसतं. म्हणून आम्ही ओरिजिनल मागतो आणि कापलेल्या टाइमलाइनचे जास्त पैसे घेतो. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, वाटू दे, कारण तुमचे तुकडे सोडवण्यात जो वेळ जातो त्यात तीन कामं होतात.

घरीच करून बघायचं असेल तर सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. हँडब्रेक हे फाईल कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट आहे, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० करा आणि कॉन्स्टंट निवडा, मग ती नवी फाईल एडिटला घ्या. मूळ फाईल डिलीट करू नका. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनचा फ्रेमरेट फुटेज टाकायच्या आधी ठरवा, नंतर तो बदलू देत नाही. आणि शूटिंगला सुरुवातीला एक टाळी कॅमेऱ्यासमोर, शेवटी परत एक. पहिलीने जुळवायचं, दुसरीने ड्रिफ्ट मोजायचा. ही शेवटची टाळी कुणीच वाजवत नाही.

पथकवाल्यांसाठी वेगळं. सॉफ्टवेअरचं ऑटो सिंक आवाजाचा आकार बघून जुळवतं, आणि ताशाची तर्री, म्हणजे सलग वाजणारे भरभर ठोके, सारखी सारखी तीच असल्यामुळे ते बिनदिक्कत पुढच्या किंवा मागच्या ठोक्याला चिकटवून देतं. ढोलावर टिपरू (वाजवायची काठी) पडताना दिसतं त्यामुळे चूक झाकत नाही, तिथे हातानेच बसवावं लागतं. नाचाचंही तसंच. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात किंवा भरत नाट्य मंदिरात कॅमेरा मागे लावला आणि स्टेज २० मीटर लांब असलं तर आवाज कॅमेऱ्यापर्यंत यायला जवळजवळ ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबात दीड फ्रेम. मिक्सरचा ट्रॅक, म्हणजे स्टेजवरच्या माइकचा थेट आवाज, कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवलात की सॉफ्टवेअर म्हणतं परफेक्ट, पण पाय आधी आपटतो आणि घुंगरू मागून वाजतात. तो दीड फ्रेम आवाज अलीकडे ओढावा लागतो. इतकं बारीक कोण बघतं असं विचारणारे येतात. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) १९९८ च्या शिफारशीत दिलंय की आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ उशिरा आला की माणसाला जाणवायला लागतं, म्हणजे ६० उशीर प्रेक्षकाला बहुधा चालून जाईल. नाचाच्या गुरूंना चालत नाही, पहिल्याच तिहाईला (तीनदा येणाऱ्या बोलाला) चूक धरतात.

तर येताना कार्ड किंवा हार्डडिस्क तशीच्या तशी आणा, कॅमेऱ्याने केलेले फाईलचे तुकडे नावं न बदलता, आणि रेकॉर्डरची फाईल वेगळी. लहान क्लिप पाठवायचीच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून नको. बघून सांगायचे पैसे नाहीत, नुसतं सरकवायचं असेल तर समोरच सरकवून देतो. बाकी कामाचा रेट फुटेजच्या तासावर आहे, डिलिव्हरीनंतर महिनाभर तुमचा डेटा आमच्याकडे असतो, त्यानंतर पुसतो. अनंत चतुर्दशीनंतरचे दोन आठवडे गर्दी असते, तेव्हा आधी फोन करून या.