नावाआधी 'पद्मश्री' लावता येते का?

कोणत्या पैलवानाला, कोणत्या गायकाला 'पद्म' मिळायला हवं होतं, हा वाद रंगला की एक फॉरवर्ड हमखास येतो: पुरस्कारानंतर नावाआधी 'पद्मश्री' लागते, शिवाय रेल्वे-विमानात सवलत. तसं नाही. राज्यघटनेचं कलम 18 काढून पाहा: लष्करी आणि शैक्षणिक सोडून कुठलाही किताब सरकारला देता येत नाही. पद्म हा सन्मान, किताब नव्हे, म्हणूनच तो घटनेत बसतो. 1995 च्या न्यायालयीन निकालानुसार तो नावाला जोडता येत नाही. मिळते ती राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. रोख रक्कम किंवा प्रवास-सवलत नाही. पद्म पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर हे स्पष्ट दिलंय. कार्यक्रमपत्रिकेवर आदरापोटीच छापतात, हे खरं. 'पंडित', 'उस्ताद', 'हिंदकेसरी' मात्र खुशाल लावा, ते सरकारने दिलेले नाहीत.