‘ह्यूमन रिकॉम्बिनंट’ प्रथिन रक्तातून काढलेले नसते
प्रथिनाच्या बाटलीवर ‘ह्यूमन’ असे छापलेले दिसले की आतले प्रथिन माणसाच्या रक्तातूनच काढलेले असणार, हा समज विद्यार्थ्यांतही आढळतो. सोबत ‘रिकॉम्बिनंट’ हा शब्द असेल, तर तो समज चुकीचा ठरतो; कारण मानवी असतो तो जनुकाचा आराखडा, जो ई. कोलाय जिवाणूंत, यीस्टमध्ये किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालून त्यांच्याकडून प्रथिन तयार करवून घेतले जाते आणि नंतर शुद्ध केले जाते. मानवी इन्सुलिन १९७८ मध्ये असेच जिवाणूंकडून मिळवले गेले; त्याआधी औषध म्हणून वापरायचे इन्सुलिन डुकरांच्या व गाईंच्या स्वादुपिंडातून येई. मात्र ई. कोलाय सहसा प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या जोडत नाही, म्हणून त्या आवश्यक असतील तेथे बहुधा सस्तन प्राण्यांच्या पेशी निवडल्या जातात.