मुतखडा झाला म्हणून दही सोडू नका

"खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद" हा सल्ला सोलापुरात घरोघरी मिळतो. तो उलटा आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि जेवणातलं कॅल्शियम या ऑक्झलेटला, म्हणजे भाज्या-दाण्यांतून पोटात येणाऱ्या एका घटकाला, आतड्यातच बांधून शौचावाटे बाहेर काढतं. दही सोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. शेंगदाण्यात ते बऱ्यापैकी असतं, म्हणून शेंगाचटणी-भाकरीसोबत वाटीभर दही हवंच. पालकात तर फारच. तो टाळलेला बरा. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, त्याही जेवणासोबत.

आवरायचं ते मीठ. ते वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा, चटणी-लोणचं-पापड धरून. इथल्या उन्हाळ्यात घामावाटेच इतकं पाणी जातं की प्यायलेले तांबे मोजण्यापेक्षा लघवी मोजा: दिवसाला अडीच लिटर, रंग फिकट. दोन लिंबांचा रस पाण्यातून घ्या, मीठ-साखर न घालता. त्यातल्या सायट्रेटमुळे नवा खडा धरायला अडथळा होतो. झालेला ऑक्झलेटचा खडा मात्र त्यानं विरघळत नाही. दुखण्यासोबत थंडीताप आला किंवा लघवी अडली, तर काढे बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.